आधी पीप मोजा: तोकायचं द्राक्षगाव खुल्या संग्रहालयात उभारताना

तोकाय हा हंगेरीच्या ईशान्येचा द्राक्षपट्टा. बोद्रोग आणि तिसा या नद्यांच्या संगमाजवळ, जुन्या ज्वालामुखी टेकड्यांच्या उतारावर माद, ताय्या, तोकाय अशी गावं आहेत. हंगेरियनमध्ये अशा गावाला मेझोव्हारोश म्हणतात: खेड्याहून मोठं, तटबंदीच्या शहराहून लहान, बाजार भरवण्याचा हक्क असलेलं. १७३७ साली राजाज्ञेने या पट्ट्याची सीमा ठरली आणि २००२ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. बुडापेस्टजवळच्या सेंतेंद्रे इथल्या स्कान्झेन या खुल्या संग्रहालयात, म्हणजे जुनी घरं मोकळ्या जागेत पुन्हा उभारून मांडणाऱ्या संग्रहालयात, उत्तर हंगेरीच्या बाजारगावाला स्वतंत्र विभाग दिलेला आहे. हे संग्रहालय १९६७ साली स्थापन झालं आणि त्याचा पहिला विभाग १९७४ साली खुला झाला. ‘स्कान्झेन’ हे नावच स्टॉकहोमच्या १८९१ सालच्या खुल्या संग्रहालयावरून आलेलं आहे.

शेतकऱ्याचं लाकडी घर हलवण्याची पद्धत बहुतेक संग्रहालयांना पाठ असते. दगडी द्राक्षगाव उभारताना तीच पद्धत वापरली की काम फसतं. या गावात घर माणसांइतकंच पिपासाठी बांधलेलं असतं. रस्त्यावरून आलेली गाडी, वेशीसारखा कमानदार दरवाजा, लांब चिंचोळं अंगण, द्राक्षं पिळायची खोली आणि तळघराचं तोंड, ही सगळी एकच साखळी आहे. ती कुठेही तुटली तर हाती फक्त जुनी देखणी घरं उरतात.

हलवायचं की नक्कल करायची

वास्तुजतनाच्या १९६४ सालच्या व्हेनिस सनदेनुसार वास्तू जागेवरून हलवायची ती वाचवायला दुसरा इलाज नसेल तेव्हा, किंवा तेवढंच मोठं राष्ट्रीय अथवा आंतरराष्ट्रीय कारण असेल तेव्हा. तोकायमधली बरीच जुनी घरं आजही उभी आणि राहती आहेत. तिथे उत्तर सरळ आहे: मूळ घर जागेवर राहू द्या, संग्रहालयात नक्कल बांधा. पडायला आलेलं, पाडायची परवानगी मिळालेलं घरच उतरवायला घ्या.

तेव्हाही भिंत हलत नाही, हे आधीच मान्य करा. ओंडक्यांचं घर जवळजवळ पूर्ण हलतं, कारण प्रत्येक ओंडका वेगळा निघतो. साठ सेंटिमीटर जाडीची अनघड दगडांची भिंत उतरवली की दगडांचा ढीग आणि चुन्याची भुकटी उरते. खऱ्या अर्थाने हलतात त्या घडीव वस्तू: खिडक्या-दारांच्या दगडी चौकटी, दरवाजाची कमान, पडवीचे खांब, तुळया, लोखंडी गज, कवाडं, शेगडीच्या फरशा. म्हणून व्यवहारात मिश्र घर तयार होतं: भिंतीचा गाभा नवा, घडीव भाग मूळ. हे लपवू नका. नव्या भिंतीत आतल्या बाजूला एका दगडावर बांधणीचं साल कोरा आणि मूळ भागांचा नकाशा दाराशीच लावा.

घराचं साल सुरुवातीलाच पक्कं करा. द्राक्षगावासाठी सगळ्यात मोठी रेघ फायलॉक्झेराची. मुळांवरच्या या किडीने १८८० च्या दशकात तोकायच्या बागा उद्ध्वस्त केल्या. त्याआधीचं आणि नंतरचं गाव वेगळं आहे. एका घरात १७९० सालचा दरवाजा आणि १९१० सालची चूल एकत्र आली की जाणकाराला ते लगेच खटकतं. पुरावा संपतो तिथे थांबा. खिडकीच्या वर काय होतं याचा पुरावा नसेल तर साधी सपाट भिंत ठेवा, शेजारच्या गावातली नक्षी उचलून आणू नका.

पीप, गाडी, दरवाजा

तोकायचं पारंपरिक माप म्हणजे गोंत्सी पीप, सुमारे १३६ लिटरचं, ग्योंत्स गावच्या नावाचं. ऑसू वाइनची प्रतही याच मापाशी बांधलेली होती: एका पिपाला वाळून आक्रसलेल्या, बुरशीने गोड झालेल्या द्राक्षांच्या किती पाट्या घातल्या, त्यावरून ३ ते ६ असा आकडा ठरे. एका पाटीत साधारण २५ किलो द्राक्षं मावत. वाइन आणि ओकचं लाकूड मिळून भरलेलं पीप पावणेदोनशे किलोच्या घरात जातं. दोन माणसांनी गडगडवायचं, दोरावर तोलत जिन्यावरून सोडायचं, असं त्याचं चालणं.

म्हणून घराचा नकाशा काढण्यापूर्वी एखाद्या संग्रहातलं खरं गोंत्सी पीप मोजा: उंची, पोटाचा घेर, दोन्ही तोंडांचा व्यास. मग मालगाडी मोजा: चाकाच्या तुंब्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची रुंदी, भरलेल्या गाडीची उंची, वळायला लागणारी जागा. पुठ्ठ्यावर गाडीचा आकार १:५० प्रमाणात कापा आणि तो आराखड्यावर रस्त्यापासून तळघराच्या तोंडापर्यंत सरकवून पाहा. संगणकावरही हे होतं, पण पुठ्ठा अडकला की वाद संपतो. दरवाजात दोन्ही बाजूंना तुंब्यापासून किमान २० सेंटिमीटर मोकळे हवेत आणि कमानीच्या पायाशी चाक बाहेर ढकलणारे तिरके दगड हवेत. मूळ घरांत हे दगड झिजलेले असतात. त्यावरची झीज कोणत्या उंचीवर आहे, यावरून गाडीचा तुंबा किती उंच होता ते कळतं. फार सुंदर पुरावा आहे हा, आणि बहुतेक मोजणीत सुटतो.

जागा सपाट असेल तर साखळी इथेच तुटते. मूळ गावात तळघर डोंगराच्या पोटात जवळजवळ आडवं शिरतं. सपाट जागेवर तेच खाली खणलं की पंधरा-वीस पायऱ्या वाढतात आणि पीप कसं उतरवत असतील याचा खुलासा होत नाही. अशा वेळी खाली खणू नका. घरामागे दोन-तीन मीटर मातीचा भराव घालून उतार तयार करा आणि तळघर त्यात आडवं घाला.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे घरं सुटी-सुटी मांडणं. मेझोव्हारोशच्या मुख्य रस्त्यावर दर्शनी भिंत सलग असते: घर, कमान, कुंपणाची उंच भिंत, पुढचं घर. दोन घरं आणि मधे गवत ठेवलंत तर खेडं दिसेल. तीन घरांपुरताच पैसा असेल तर तिन्ही एकमेकांना चिकटवा आणि उरलेली लांबी भिंतीने भरा. घराचं तोंड मूळ दिशेपासून १५-२० अंशांहून जास्त फिरवू नका. फिरवलंत तर ऊन, पडवी आणि ओल यांचं गणित बिघडतं.

मोजणी आणि उतरवणं

आराखडे १:५०, चौकटी आणि गज १:१०, कोरलेल्या कडांचा छेद १:१. लेझर स्कॅन करा, पण चौकटीच्या कडेचा छेद तरीही हाताने, प्लास्टिकच्या कागदावर उतरवा. स्कॅन झिजलेली कड दाखवतो. पाथरवटाला न झिजलेली कड लागते आणि ती चौकटीच्या कोपऱ्यात, पावसाच्या आड, दोन-चार सेंटिमीटरच शिल्लक असते.

गिलाव्यावर धारदार पात्याने एकेक थर खरवडून रंगांची शिडी काढा, निदान प्रत्येक खोलीत दोन ठिकाणी. चुन्याच्या मालाचे नमुने भिंतीच्या आतून, किमान १० सेंटिमीटर खोलीवरून घ्या. प्रयोगशाळेत सौम्य आम्लात चुना विरघळवून वाळू वेगळी करतात. इथे दोन फसवे प्रकार आहेत. वाळूत चुनखडीचे कण असतील तर तेही विरघळतात आणि माल होता त्याहून जास्त ‘चुनखोर’ दिसतो. शिवाय या भागात मालात टफची, म्हणजे ज्वालामुखी राखेच्या मऊ खडकाची, पूड असू शकते, जी चुन्याशी मिळून पाण्यातही घट्ट होते. म्हणून नमुन्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखालीही पाहून घ्या.

अभिलेखात शोधायच्या गोष्टी: १७१५, १७२० आणि १८२८ सालच्या करनोंदी, हंगेरीची १७८२-८५ ची लष्करी पाहणी, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले जमीनमोजणीचे नकाशे आणि मृत्यूनंतरच्या मालमत्तेच्या याद्या. शेवटच्या याद्या घर सजवताना सगळ्यात जास्त उपयोगी पडतात, कारण त्यात फुटका माठसुद्धा लिहिलेला असतो.

उतरवताना क्रमांकाची पद्धत तीन भागांची ठेवा: भिंतीचं अक्षर, खालून थराचा आकडा, डावीकडून दगडाचा आकडा. ‘ब-७-२३’ म्हणजे ब भिंतीचा सातव्या थरातला तेविसावा दगड. क्रमांक दर्शनी बाजूला रंगवू नका. रंग टफमध्ये मुरतो आणि निघत नाही. खडू पहिल्या पावसात जातो. लाकडाला ठसा उमटवलेली ॲल्युमिनियमची पट्टी खिळ्याने, दगडाला न गंजणाऱ्या तारेने किंवा मागच्या बाजूच्या छोट्या भोकात. प्रत्येक भिंतीचं सरळ समोरून जोडलेलं छायाचित्र मोठ्या कागदावर छापा आणि दगड निघाला की त्यावर खूण करा. कमान उतरवण्याआधी तिच्याखाली लाकडी साचा घालून पाचरींनी तो घट्ट बसवा. तो नसेल तर चावीचा, म्हणजे माथ्यावरचा, दगड हलताच बाकीचे एकदम खाली येतात.

तोकायच्या घडीव कामात रायोलाइट जातीचा टफ खूप असतो. त्याचं वजन घनमीटरला दीड ते दोन टन, १.५ मीटर लांब आणि ३० बाय ३० सेंटिमीटरचा चौकटीचा माथा दोनशे ते दोनशे सत्तर किलोंचा होतो. ओला टफ याहून जड आणि कमकुवत असतो. उतरवण्याचं काम एप्रिल ते सप्टेंबरमध्येच करा. पाणी प्यायलेल्या टफवर हिमांकाखालची एक रात्र पडली की कड पापुद्र्यासारखी सुटते. दगडाखाली ओकच्या फळ्या ठेवू नका, ओल्या ओकमधला टॅनिन तपकिरी डाग पाडतो. पाइनच्या फळ्या चालतात. जुने लोखंडी आकडे काढून टाका. ते गंजून फुगतात आणि दगड आतून फोडतात. त्यांच्या जागी स्टेनलेस स्टीलचे, शिशात बसवलेले आकडे घाला.

लाकडात किडे असतीलच. तुळया आणि कवाडं बंदिस्त खोलीत तापवा: लाकडाच्या गाभ्यात ५५ अंश सेल्सिअस तापमान किमान एक तास टिकायला हवं. मोजणी गाभ्यात, भोक पाडून. हवेचं तापमान बघून थांबलात तर जाड तुळईतल्या अळ्या जिवंत राहतात. रंगवलेल्या पेट्यांना हे करू नका, रंग उडतो.

पाया आणि चुना

हंगेरीत जमीन साधारण ८० सेंटिमीटर खोलीपर्यंत गोठते, म्हणून पाया त्याखाली. जमिनीखाली काँक्रीट चालेल. जोत्याच्या पातळीवर ओल अडवणारा थर द्या आणि त्याच्या वर सिमेंट पूर्ण बंद. कारण टफ सच्छिद्र आहे आणि सिमेंटचा माल घट्ट. भिंतीतलं पाणी सांध्यातून बाहेर पडू शकलं नाही की दगडातून निघतं, जाताना मीठ दगडाच्या कातडीखाली सोडतं, आणि काही हिवाळ्यांत सिमेंटच्या दरजा शाबूत उभ्या राहतात, मधला दगड मात्र खड्ड्यासारखा झिजतो.

चुना किमान तीन महिने पाण्यात विरवलेला घ्या, वर्षभराचा असेल तर उत्तम. न विरलेले खडे गाळून काढा, नाहीतर गिलाव्यावर फोड उठतात. प्रमाण डोळे मिटून १:३ धरू नका. एक लिटर कोरडी वाळू घ्या आणि ती पृष्ठभागापर्यंत भिजेतो पाणी ओता. ३३० मिलिलिटर पाणी गेलं तर १:३ बरोबर. ४०० गेलं तर वाळूत पोकळी जास्त आहे, १:२.५ लागेल. साठ सेंटिमीटर जाडीच्या भिंतीच्या एका चौरस मीटरला, एक तृतीयांश माल धरून, ०.२ घनमीटर वाळू आणि ६५ ते ७० लिटर विरवलेला चुना लागतो.

आपल्याकडे चुन्याच्या घाण्यात मळलेल्या चुन्यात गूळ आणि हिरडा घालायची रीत आहे, आणि मराठी वाचकाला इथेही तेच सुचेल. तोकायच्या भिंतीत त्याचा पुरावा मिळाला नसेल तर घालू नका; नमुन्यात जे सापडलं तेच घाला.

टफ लावण्याआधी भिजवा. कोरडा दगड मालातलं पाणी शोषून घेतो आणि सांधा भुसभुशीत राहतो. दिवसाला अर्ध्या मीटरहून जास्त उंची चढवू नका, दर मीटरला भिंतीच्या आरपार जाणारा दगड घाला. ओली गोणपाटं निदान आठवडाभर. तापमान ५ अंशांखाली जाणार असेल तर काम बंद. चुना बाहेरून आत हळूहळू पिकतो, जाड भिंतीच्या गाभ्यात त्याला वर्षं लागतात. म्हणून भिंती ऑगस्टअखेर संपवा, हिवाळ्यात त्यांच्यावर तात्पुरतं छप्पर ठेवा आणि खरं छप्पर पुढच्या हंगामात चढवा. एका हंगामात घर पूर्ण करायचा आग्रह धरला की मग कुणीतरी गुपचूप सिमेंट आणतं.

सफेदी दुधाइतकी पातळ, चार-पाच हात, प्रत्येक वेळी भिंत ओलसर करून. जाड एक हात दिला तर पापुद्रे सुटतात. रंग घालायचा तर चुन्यात टिकणारे मातीचे रंगच, चुन्याच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही.

दरवाजाच्या कमानीचे दगड दोन्ही बाजूंनी एकदम चढवा, चावीचा दगड शेवटी. दोन आठवड्यांनी पाचरी काही मिलिमीटर सैल करा म्हणजे कमान बसते. साचा महिन्याभराने काढा. पाचरी एकदम ठोकून काढल्या तर ओला चुना दबून माथ्याला भेग पडते.

तळघर

मूळ तळघरं टफमध्ये कोरलेली किंवा दगडी घुमटाची. संग्रहालयाच्या जागी टफ नसेल तर घुमटाचंच करा. प्लास्टरवर छिन्नीचे व्रण उमटवून कोरल्याचं सोंग आणू नका. मागचा भराव दोन्ही बाजूंना एकाच वेळी, २०-३० सेंटिमीटरच्या थरांनी. एकीकडे आधी भरलंत तर घुमट दुसरीकडे ढकलला जातो.

आतलं तापमान १०-१२ अंश आणि आर्द्रता ८५ ते ९५ टक्के हवी. तोकायच्या तळघरांच्या भिंतींवर मऊ काळी बुरशी असते, ती हवेत उडणाऱ्या वाइनच्या वाफेवर जगते. पिपं रिकामी ठेवलीत तर ती येणारच नाही. रंगवून किंवा कापूस चिकटवून ती दाखवणं हास्यास्पद दिसतं. खरी वाइन ठेवा, नाहीतर भिंत स्वच्छ ठेवा. वरच्या खोल्यांत लाकूड आणि कापडाला ५०-६० टक्के आर्द्रताच झेपते, त्यामुळे तळघराचा झडपदरवाजा घट्ट बसणारा हवा. मूळ घरात तो सैल असला तरी.

तिथे खरोखर रस आंबवणार असाल तर कार्बन डायऑक्साइडकडे लक्ष द्या. लिटरला २०० ग्रॅम साखर असलेल्या एका लिटर रसातून सुमारे ५० लिटर वायू निघतो, म्हणजे एका गोंत्सी पिपातून सहा-सात हजार लिटर. तो जड असतो, जमिनीलगत साचतो. मेणबत्ती घेऊन उतरायची जुनी रीत भरवशाची नाही. ज्योत विझेपर्यंत हवा माणसासाठी धोकादायक झालेली असते. वायुमापक जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर बसवा. ०.५ टक्के झालं की तळघर बंद, आणि हवा खेचायचं तोंडही खालीच हवं.

आत काय मांडायचं

तोकायच्या वाइनचा व्यापार ग्रीक, पोलिश आणि ज्यू व्यापाऱ्यांच्या हातून चाले. अठराव्या शतकात रशियन दरबाराची खरेदी समितीही तोकायमध्ये होती. त्यामुळे ‘हंगेरियन घर’ असं एकच घर मांडणं चुकीचं. मादमध्ये १७९५ सालचं सिनगॉग, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळ, आजही उभं आहे. ज्यू व्यापाऱ्याचं घर करत असाल तर धार्मिक वस्तू मांडून थांबू नका. कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांनुसारची, वाइन द्राक्षं पिळण्यापासून भरण्यापर्यंत शब्बाथ (साप्ताहिक विश्रांतीचा पवित्र दिवस) पाळणाऱ्या ज्यू माणसांनीच हाताळायची असते, म्हणून वेगळी पिपं, वेगळं कुलूप, शिक्का. ते कुलूप दिसलं की व्यापार समजतो. त्याच रस्त्यावर बागेत खुरपणी-छाटणीची मजुरी करणाऱ्याचं दोन खोल्यांचं घर आणि पिपं बनवणाऱ्याची कार्यशाळा हवी. मजुराच्या घराला तळघर नसेल, तर नाही. जागा मिळाली म्हणून खणू नका.

बाग

१८८० पूर्वीचं गाव असेल तर तारा ताणू नका. तेव्हा वेली साधारण मीटर-मीटर अंतरावर, हेक्टरी दहा हजारांच्या आसपास, प्रत्येकीला स्वतंत्र लाकडी काठी. ५० चौरस मीटरच्या पट्ट्याला ५० वेली पुरतात. फुरमिंट आणि हार्शलेवेलू या जाती घ्या.

दिसायला जुनी असली तरी बाग कलमीच हवी, कारण फायलॉक्झेरा जमिनीत आजही आहे. नाशिक-सांगलीकडे डॉगरिजच्या खुंटावर डोळे भरतात ते मुख्यतः क्षार आणि पाण्याच्या ताणासाठी. तोकायमध्ये अमेरिकन खुंट लावायचं मूळ कारण ही कीड. कलमाचा सांधा जमिनीच्या तीन-चार बोटं वर ठेवा. थंडीत वेलीच्या बुंध्याला मातीची भर देतात. ती वसंतात काढायची राहिली तर वरच्या फुरमिंटला स्वतःची मुळं फुटतात, कीड त्यांना लागते आणि चार-पाच वर्षांनी वेल का खंगली ते कुणाला कळत नाही. दरवर्षी भर काढताना सांध्यावर फुटलेली मुळं छाटणीच्या कात्रीने काढून टाका. आणि ही कामं माळ्याच्या वार्षिक यादीत महिन्यासकट लिहून ठेवा: मार्चअखेर भर काढणं, नोव्हेंबरमध्ये भर देणं.